ब्लोअर ओढणारे इंजिन खचते तेव्हा : छोट्या ट्रॅक्टरच्या इंजिनाची पुनर्बांधणी आणि पीक संरक्षण

निफाड, दिंडोरी, तासगाव, मिरज या तालुक्यांतील द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीनंतरचे पहिले दोन महिने पीक संरक्षणाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असतात. डोळे फुटताना उडद्या भुंगेरे, फुलोऱ्यात फुलकिडे आणि ढगाळ, दमट हवेत केवडा यांचा धोका पाठोपाठ उभा राहतो. फवारणीचा योग्य काळ काही वेळा एक-दोन दिवसांचाच असतो. मांडवाखालून ब्लोअर फिरवणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरचे इंजिन याच काळात बंद पडले तर होणारे नुकसान दुरुस्तीच्या बिलापुरते राहत नाही.

इंजिन एकाएकी बंद पडते तेव्हा ते निदान सर्वांच्या लक्षात येते. हळूहळू खचणारे इंजिन मात्र अधिक फसवे असते. बहुतेक ब्लोअर पीटीओच्या मिनिटाला 540 फेऱ्यांसाठी बनवलेले असतात. पंख्याने फेकलेली हवा फेऱ्यांच्या प्रमाणात घटते, तर पंखा फिरवण्यास लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे फेऱ्या 540 वरून 480 वर आल्या, तर हवा सुमारे 11 टक्क्यांनी घटते. परंतु पंख्याला लागणारी शक्ती सुमारे 30 टक्क्यांनी कमी झालेली असते. झिजलेले इंजिन अशा कमी फेऱ्यांवर कुरकुर न करता चालत राहते आणि बागायतदाराला उणीव जाणवत नाही. पानांची दाट भिंत भेदून द्रावण घडाच्या आत पोहोचत नाही. सालीखाली व घडात दडलेला पिठ्या ढेकूण वाचतो. मग औषध निकामी ठरल्याचा समज होऊन फवारण्या वाढतात. त्यातून खर्च, किडीतील प्रतिकारशक्ती आणि निर्यातक्षम मालातील अवशेष हे तिन्ही प्रश्न बळावतात.

आधी निदान, मग दुरुस्ती

किडीची ओळख पटल्याशिवाय औषध सुचवू नये, हा नियम इंजिनालाही लागू पडतो. कारण न शोधता पिस्टन, रिंगा व लायनर बदलले, तर नवे भागही त्याच कारणाने झिजतात. म्हणून इंजिन खोलण्यापूर्वी काही निरीक्षणे नोंदवावीत. धूर निळा असेल तर इंजिन ऑइल जळत असते. काळा धूर हवा कमी किंवा डिझेल जास्त झाल्याचे सांगतो. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला, तर ज्वलन कक्षात पाणी जाते आहे का, हे पाहावे. ब्रीदरमधून धुराचे लोट येणे म्हणजे रिंगांच्या बाजूने वायू खाली उतरणे होय. ऑइल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी मिसळलेले असते. त्यानंतर कॉम्प्रेशन मोजून घ्यावे.

इंजिन उघडल्यानंतर झिजेच्या खुणा कारणाकडे बोट दाखवतात.

*धूळ :* लायनरच्या वरच्या भागात सर्वाधिक झीज, उभे बारीक ओरखडे आणि रिंगांचा निस्तेज, घासलेला पृष्ठभाग. एअर क्लीनरनंतरच्या नळीत आतून बोट फिरवल्यास धुळीचा थर लागला, तर पुरावा पूर्ण झाला.

*अति उष्णता :* पिस्टनच्या बाजूंवर धातू फाटल्यासारखे पट्टे, खाचेत अडकलेल्या रिंगा, जळालेले हेड गॅस्केट, वाकलेले हेड.

*ऑइलचा अभाव :* बेअरिंगवरील वरचा थर जाऊन उघडे पडलेले तांबे आणि क्रँकवर निळसर झाक.

पहिल्या कारणाचा विचार विशेष गांभीर्याने व्हावा. सुमारे 900 सीसीचे चार स्ट्रोक इंजिन 2,500 फेऱ्यांना मिनिटाला अंदाजे 1,000 लिटर हवा ओढते. आठ तासांच्या कामात हा आकडा पाच लाख लिटरच्या घरात जातो. एप्रिल-मे महिन्यांत रोटाव्हेटर चालतो तेव्हा या हवेत धूळ किती असेल, याची कल्पना करता येईल. डोळ्यांना न दिसणारे काही मायक्रॉनचे कण ऑइलच्या पातळ थरात शिरून सहाणेचे काम करतात. एअर क्लीनर आणि इंजिन यांमधील रबरी नळीची एक चीर किंवा सैल क्लिप यासाठी पुरेशी ठरते.

कीटकांचा सहभाग

पावसाळ्यात शेडमध्ये उभ्या असलेल्या यंत्रांच्या छिद्रांत कुंभारमाशी चिखलाची घरटी बांधते. ही एकाकी गांधीलमाशी कोळी पकडून आपल्या अळ्यांसाठी साठवते व माणसाला सहसा त्रास देत नाही. परंतु ब्रीदर बुजला तर इंजिनाच्या पोटातील दाब वाढून सीलमधून ऑइल गळू लागते. डिझेल टाकीच्या झाकणाचे वायुछिद्र बुजल्यास इंजिन काही वेळ चालून बंद पडते. अशा वेळी पंपाची खोलाखोल करण्याआधी झाकण सैल करून पाहावे. रेडिएटरच्या पाकळ्यांत पाने, मेलेले कीटक आणि फवारणीतील गंधक व ताम्रयुक्त द्रावणाचा थर साचला, तर थंड होण्याची क्षमता घटते आणि इंजिन तापू लागते.

पुनर्बांधणीचे टप्पे

1. सर्व भाग धुऊन, क्रमाने मांडून ठेवावेत. बेअरिंग टोप्या व कनेक्टिंग रॉडवर त्यांच्या जागेची खूण करावी. त्यांची अदलाबदल होऊ देऊ नये.

2. लायनर बोअर डायल गेजने वर, मध्ये व खाली, परस्परांना काटकोनात अशा दोन दिशांनी मोजावे. त्यातून निमुळतेपणा व लंबगोलपणा कळतो. केवळ बोटाने चाचपून ‘चालेल’ असे ठरवू नये.

3. क्रँक मोजून झीज मर्यादेबाहेर असल्यास ग्राइंडिंग करावे आणि त्याच मापाची, उदाहरणार्थ 0.25 किंवा 0.50 मिलिमीटर कमी मापाची, बेअरिंग बसवावीत.

4. हेडची सपाटी सरळ पट्टी व फिलर गेजने तपासावी. व्हॉल्व्ह व त्यांच्या सीट घासून घ्याव्यात.

5. होनिंगनंतर लायनर साबणाच्या गरम पाण्याने धुवावे. नुसत्या डिझेलने पुसल्यास घर्षक कण धातूच्या रेषांत राहतात व नव्या रिंगा खातात. धुतल्यावर कोरडे करून लगेच ऑइल लावावे.

6. प्रत्येक रिंग लायनरमध्ये ठेवून तिच्या टोकांमधील फट मोजावी. बसवताना रिंगेवरील वरच्या बाजूची खूण पाहावी आणि फटी एका रेषेत येऊ देऊ नयेत.

7. ऑइलचे मार्ग तारेने व हवेने स्वच्छ करावेत, ऑइल पंप तपासावा. इंजेक्टरची चाचणी न करता जुनाच बसवणे ही महागात पडणारी काटकसर आहे. ठिबकणारा इंजेक्टर नवा पिस्टन जाळू शकतो.

8. हेडचे नट टॉर्क पान्याने, मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने आवळावेत. सर्व मापे व टॉर्क त्या मॉडेलच्या पुस्तिकेप्रमाणेच असावेत.

बांधलेले इंजिन पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी डिझेल बंद ठेवून फिरवावे व ऑइलचा दाब आल्याची खात्री करावी. सुरुवातीचे काही तास मध्यम आणि बदलता भार द्यावा. तासन् तास रिकामे चालवल्यास रिंगा नीट बसत नाहीत, तर लगेच पूर्ण भार दिल्यास त्या जळतात. पहिले ऑइल व फिल्टर लवकर, साधारण 50 तासांच्या आत, बदलावे.

पुन्हा ती वेळ येऊ नये म्हणून

• रोज : इंजिन ऑइल व रेडिएटरमधील पाण्याची पातळी पाहावी. धुळीत काम असल्यास ऑइल बाथ एअर क्लीनरची वाटी रोज स्वच्छ करून खुणेपर्यंतच ऑइल भरावे. खुणेवर भरल्यास ते इंजिनात ओढले जाऊ शकते.

• प्रत्येक फवारणीनंतर : इंजिन गार झाल्यावर रेडिएटर पंख्याच्या बाजूने बाहेर, मंद दाबाच्या पाण्याने धुवावा.

• आठवड्यातून एकदा : हवेच्या नळ्या व क्लिपा तपासाव्यात, डिझेल फिल्टरमधील पाणी काढावे.

• यंत्र उभे राहणार असल्यास : सायलेन्सर व ब्रीदरच्या तोंडाला कापड बांधून त्याला लाल फीत लावावी, म्हणजे सुरू करण्यापूर्वी ते काढण्याची आठवण राहील.

• छाटणीपूर्वी : टाकीत साधे पाणी भरून ब्लोअर पूर्ण भाराने चालवावा व पीटीओच्या फेऱ्या टॅकोमीटरने मोजाव्यात. 540 फेऱ्या टिकत नसतील, तर दुरुस्ती छाटणीआधीच करून घ्यावी.

शेवटची चाचणी विस्तार कार्यकर्त्यांनी गावपातळीवरील कार्यक्रमात आवर्जून समाविष्ट करावी. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला इंजिन नवे नाही. विहिरीवरचे ऑइल इंजिन स्वतः उघडून पुन्हा बांधणारी पिढी गावोगावी होती. तिच्या हाती मापाची साधने कमी होती, पण आवाज, धूर आणि ऑइलचा रंग ओळखण्याची सवय होती. आज साधने सहज मिळतात. त्यांच्या जोडीला ती सवय आणि एक साधी नोंदवही ठेवली, ऑइल कधी बदलले, किती तास चालले, धूर कसा होता एवढे लिहिले, तर फुलोऱ्यातल्या ऐन फवारणीच्या दिवशी इंजिन खोलून बसण्याची वेळ सहसा येणार नाही.