हृदयाचा ताल : स्त्रीचा आणि पुरुषाचा

हृदयाच्या खालच्या कप्प्यांत विद्युतसंदेश पोहोचल्यापासून तिथल्या पेशी पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा सज्ज होईपर्यंतचा वेळ ईसीजीच्या आलेखावर मोजता येतो. त्याला क्यूटी काळ म्हणतात. प्रौढ स्त्रियांमध्ये तो पुरुषांपेक्षा साधारण १० ते २० मिलिसेकंदांनी जास्त असतो. ईसीजीच्या कागदावरचा एक बारीक चौकोन ४० मिलिसेकंदांचा. म्हणजे हा फरक फार तर अर्ध्या चौकोनाचा. ठोके वाढले की क्यूटी काळ आखडतो. स्त्रियांच्या हृदयाचे ठोके विश्रांतीतही थोडे जास्त पडतात, तरी वेगाचा हिशेब जमेस धरल्यावर त्यांचाच आकडा मोठा येतो. इंग्लिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ हेन्री बॅझेट यांनी १९२० मध्ये मांडलेल्या सूत्रातही पुरुषांसाठी ०.३७ आणि स्त्रियांसाठी ०.४० असे वेगळे स्थिरांक होते.

लहानपणी मुलगे आणि मुली यांच्यात हा फरक जवळजवळ नसतो. वयात येताना मुलग्यांचा क्यूटी काळ कमी होतो, मुलींचा फारसा बदलत नाही. टेस्टोस्टेरॉनमुळे पेशीतून पोटॅशियम बाहेर नेणारे प्रवाह वाढतात आणि कॅल्शियमचा आत येणारा प्रवाह घटतो. त्यामुळे पेशी लवकर पूर्वस्थितीला येतात. उतारवयात हे संप्रेरक कमी झाले की फरकही कमी होतो.

काही औषधे पोटॅशियमची वाट अडवून क्यूटी काळ आणखी लांबवतात. तो फार लांबला तर ‘तोर्साद द प्वांत’ हा जिवावर बेतू शकणारा ताल सुरू होतो. औषधांमुळे असे झालेल्या रुग्णांत सुमारे दोन तृतीयांश स्त्रिया असतात. टर्फेनाडिन हे ॲलर्जीवरचे औषध याच धोक्यामुळे अमेरिकेच्या बाजारातून काढून घेण्यात आले.

ब्रुगाडा विकारात पारडे उलटे फिरते. पेद्रो आणि जोसेप ब्रुगाडा या भावांनी १९९२ मध्ये वर्णन केलेल्या या विकाराचे बहुसंख्य रुग्ण पुरुष असतात आणि अनेकांना झटका झोपेत किंवा विश्रांतीत येतो. पुरुषांत क्यूटी काळ लांबू न देणारे टेस्टोस्टेरॉनच इथे पोटॅशियमचे प्रवाह वाढवून धोक्यात भर घालते, असे मानले जाते.

ठोके एकाएकी धावू लागण्याच्या विकारांतही अशीच विभागणी दिसते. वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या सांध्यावरील गाठीतच संदेश गोल फिरत राहण्याचा प्रकार स्त्रियांत जवळपास दुप्पट आढळतो. जन्मतः असलेल्या जादा विद्युतवाटेमुळे होणारा प्रकार पुरुषांत अधिक.

वरचे कप्पे अनियमित थरथरण्याचा विकार, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, कोणत्याही वयोगटात पुरुषांना जास्त होतो. पण स्त्रिया जास्त जगतात आणि वयाबरोबर हा विकार वाढत जातो, त्यामुळे स्त्री-रुग्णांची संख्याही मोठी भरते. त्यांच्यात पक्षाघाताचा धोका अधिक दिसत असल्याने तो मोजण्याच्या तक्त्यात स्त्री असण्याला एक गुण असे. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीने २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हा गुण वगळला असून, रक्त पातळ करणारी औषधे सुरू करण्याचा निर्णय आता वय आणि इतर आजारांवरून घ्यावा, असे सुचवले आहे.