गाडी पायाच्या मापाची हवी

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी माझा डावा घोटा मोडला आणि सहा आठवडे प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून पेशंट तपासावे लागले. "डॉक्टर, किती स्पीडला होता?" येणारा प्रत्येक जण हेच विचारी. खरे उत्तर द्यायची लाज वाटे. कारण गाडी उभी होती.

महिन्यातून दोनदा मी पाटणच्या पुढे वाड्यावस्त्यांवर तपासणीला जातो. डांबर संपले की पुढे दगडगोटे आणि पावसात चिखल. म्हणून डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांवर चालणारी उंच मोटारसायकल घेतली. माझी उंची पाच फूट चार इंच. शोरूममध्ये बसून पाहिले तेव्हा पायांची फक्त बोटे टेकत होती. "सवय होते हो," विक्रेता म्हणाला, आणि मलाही तेच ऐकायचे होते.

महिन्याभरातच तो दिवस आला. अरुंद रस्त्यावर समोरून एस.टी. आली. मी गाडी डावीकडे घेऊन थांबवली, पाय खाली टाकला, तर तिथली साइडपट्टी खचलेली. जमीन चार बोटे खाली होती. पाय टेकेपर्यंत गाडी चांगलीच कलली. नवी गाडी, ओरखडा नको, म्हणून मी ती धरून ठेवण्याचा हट्ट केला आणि पाय तिच्याखाली गेला. घोट्याचे बाहेरचे हाड मोडले.

वाचकहो, हे सांगायचे कारण एवढेच की अशा गाड्या आता आपल्या जिल्ह्यातही बऱ्याच दिसू लागल्या आहेत. कृषी सहायक, आरोग्य सेवक, फिरतीवरचे शिक्षक आणि लडाखची स्वप्ने पाहणारी तरुण मुले-मुली त्या घेतात. गाड्या चांगल्याच आहेत. पण चप्पल घेताना आपण नंबर पाहतो, चष्मा घेताना डोळे तपासतो. दीडशे-दोनशे किलोची गाडी घेताना मात्र पायाचे माप कोणी काढत नाही.

उभी गाडी का पडते?

चालती गाडी स्वतःला बऱ्यापैकी सावरते. थांबलेली गाडी सावरतो तो आपला पाय. गाडी सरळ उभी असते तोवर तिचे सगळे वजन चाकांवर असते आणि ती दोन बोटांनीही तोलता येते. कलू लागली की हिशेब भराभर बदलतो. ५ अंश कललेल्या गाडीला धरायला जेवढा जोर लागतो, त्याच्या साधारण चौपट जोर ती २० अंश कलल्यावर लागतो. पाय सहज टेकणाऱ्या माणसाला गाडी पहिल्या पाच अंशांतच सापडते. ज्याचा पाय पोचत नाही, त्याला जमीन सापडते तेव्हा गाडी हाताबाहेर गेलेली असते. हा ताकदीचा प्रश्न नाही. पैलवानही अशा वेळी गाडी टाकतो.

आपल्याकडे त्यात आणखी एक भर आहे. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडांना उतरता असतो. आपण डावीकडून चालतो आणि डाव्या कडेलाच थांबतो. उजवा पाय ब्रेकवर असतो, म्हणून टेकतो तो डावा. म्हणजे जिकडे जमीन खाली गेलेली, नेमका तिकडचाच पाय आपण टाकतो.

अशा पडण्यात दोन हाडे विशेषकरून मोडतात. गाडीखाली सापडला तर घोटा, आणि तोल जाताना हात पुढे टेकला तर मनगट. मनगटाच्या या अस्थिभंगाचे वर्णन आयर्लंडचे डॉ. अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये केले, आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. घोट्याच्या अस्थिभंगाला लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांचे नाव आहे. गंमत अशी की १७५६ मध्ये खुद्द पॉट यांचाच पाय घोड्यावरून पडून मोडला होता, अर्थात त्यांचे नडगीचे हाड मोडले होते. वाहन बदलले, डॉक्टरांचे पडणे काही थांबले नाही!

आधी माणसाचे माप

घरच्या घरी माप काढता येते. गाडीवर घालता तेच बूट घालून भिंतीला पाठ लावून उभे राहा. जाड पुठ्ठ्याचे पुस्तक दोन्ही मांड्यांच्या मध्ये वरपर्यंत नेऊन धरा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर घरातल्या कोणाकडून मोजून घ्या. ही झाली तुमच्या पायाची लांबी. माझी ७६० मि.मी. भरली.

आता गाडीच्या सीटची उंची पाहा. आपल्या सर्वांच्या परिचयाच्या स्प्लेंडरची ती ७८५ मि.मी. आहे. २०१६ साली आलेल्या पहिल्या हिमालयनची ८०० होती. २०२३ च्या अखेरीस आलेल्या ४५० सी.सी. हिमालयनची ८२५, आणि चार व्हॉल्व्हच्या एक्सपल्सचीही ८२५. आकडा मोठा दिसला म्हणून लगेच घाबरू नका. माणूस बसला की गाडी खाली दबते. अशा गाड्यांच्या मागच्या चाकाला १७० ते २०० मि.मी. वरखाली व्हायला वाव असतो, आणि बसल्यावर त्यातला साधारण तिसरा हिस्सा दबावा अशी रचना असते. उलट सीट पुढे रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि आकडा लहान असूनही पाय पोचत नाही. म्हणून आकडा वाचा, पण निर्णय बसून पाहूनच घ्या.

दोन्ही तळवे सपाट टेकायलाच हवेत असे नाही. दोन्ही पायांचे चवडे नीट टेकले, किंवा किंचित सरकून बसल्यावर एक तळवा पूर्ण टेकला, तरी पुरे. फक्त अंगठे टेकत असतील तर मात्र गाडी तुमच्या मापाची नाही. ती मापाची करता येते.

खाली आणण्याचा क्रम

इथे मी दुसरी चूक केली. प्लास्टर निघाल्यावर थेट एका गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्रीने मागच्या शॉकअपची जोडपट्टी बदलून मागची बाजू ४० मि.मी. खाली आणली. पुढच्या बाजूला हात लावला नाही. पाय टेकले, मी खूश. पण घाटात गाडी वळणावर जड झाली, हँडल ओढून वळवावे लागू लागले. मागची बाजू बसल्यामुळे हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ लागला. साइड स्टँड मूळच्याच लांबीचा राहिला, त्यामुळे स्टँडवर गाडी जवळजवळ सरळ उभी राही, आणि एका दुपारी साध्या वाऱ्याने ती उजवीकडे आडवी झाली. पाय वाचवायला गेलो आणि नवी तीन दुखणी घेऊन आलो.

नंतर एका जाणत्या मिस्त्रीने योग्य क्रम समजावला. तो असा.

पहिली पायरी सीटची. काही गाड्यांना कंपनीचीच ठेंगणी सीट मिळते, ती मिळाली तर उत्तमच. नाहीतर चांगल्या कुशनवाल्याकडून सीटचा पुढचा भाग दोन्ही बाजूंनी निमुळता करून घ्यावा. उंची फारशी न घटवताही पाय सरळ खाली जातात. यात चाके, शॉकअप, हँडल कशालाच धक्का लागत नाही.

दुसरी पायरी स्प्रिंगच्या ताणाची. मागच्या शॉकअपचा ताण आपल्या वजनाप्रमाणे लावलेला आहे की नाही ते पाहावे. हलक्या माणसाच्या गाडीचा ताण जास्त असेल तर गाडी दबतच नाही. पण ताण गरजेपेक्षा सैल केला तर खड्ड्यात शॉकअप तळाला आपटतो आणि तो दणका थेट कण्याला बसतो.

एवढ्याने भागले नाही तरच तिसरी पायरी. मागची बाजू खाली आणायची, आणि जेवढी मागची तेवढीच पुढचीही. पुढच्या फोर्कच्या नळ्या क्लॅम्पमध्ये वर सरकवल्या की पुढची बाजू खाली येते. मग साइड स्टँड कापून पुन्हा वेल्ड करणे, चेनचा सैलपणा तपासणे आणि हेडलाइट नीट लावणे ही कामे त्याच दिवशी व्हायला हवीत. गाडी पूर्ण दाबून चाक मडगार्डला घासत नाही ना, हेही पाहावे. माझ्या गाडीत शेवटी शॉकअप आणि फोर्कमधून २५ आणि सीटमधून २० मि.मी. असे मिळून ४५ मि.मी. कमी केले. आता चवडे टेकतात.

याची किंमत आहेच. इंजिनाखालची मोकळी जागा तेवढीच घटते. २२० मि.मी. ची १९५ झाली. स्प्लेंडरची १६५ असते हे लक्षात घेता आपल्या रस्त्यांना ती पुरते, पण ओढ्यातला मोठा गोटा आता मला वळसा घालूनच पार करावा लागतो. आणखी एक. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ ने गाडीच्या मूळ रचनेतल्या बदलांवर बंधने घातली आहेत. तेव्हा तिसऱ्या पायरीआधी आर.टी.ओ. आणि विमा कंपनी या दोघांना विचारून घ्यावे.

गुडघे आणि माकडहाड

आता माझ्या विषयाचे. सीट खाली आणली की सीट आणि पायटेक यांतले अंतर कमी होते आणि गुडघा जास्त दुमडतो. तरुणांना ते जाणवत नाही. पन्नाशीनंतर गुडघ्याची झीज सुरू झालेल्यांना तासाभरात गुडघ्याच्या वाटीमागे दुखू लागते. शॉकअपमधून गाडी खाली आणली तर पायटेकही सोबतच खाली येतात, त्यामुळे गुडघ्याचा कोन बदलत नाही. म्हणून ज्यांचे गुडघे मुळात दुखतात त्यांनी सीट बाजूंनी निमुळती करावी, पण फार खाली आणू नये.

दुसरे, सीटमधला फोम फार कापू नका. पातळ फोमवर सगळा भार बसायच्या हाडांवर आणि माकडहाडावर येतो. माकडहाडाचे दुखणे चिवट असते, महिनोन् महिने जात नाही. लांब प्रवासात जांघेत बधिरपणा किंवा मुंग्या येऊ लागल्या तर ती नस दाबली जात असल्याची खूण समजा, उतरून पाच मिनिटे चाला. नेहमीच येत असतील तर सीट बदला आणि डॉक्टरांना दाखवा.

काही सवयी

गाडी कितीही खाली आणली तरी खचलेली साइडपट्टी उद्याही तिथेच असणार. म्हणून थांबण्याआधी, पाय कुठे टेकणार ती जागा नजरेने हेरून ठेवा. डांबराच्या अगदी कडेला थांबू नका. डावीकडे खोल असेल तर पुढचा ब्रेक धरून उजवा पाय टाका. हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबू नका, सावकाश गाडी तिथेच कोसळते. मागे बसणाऱ्याने चालकाचे दोन्ही पाय टेकल्यावर आणि "बस" म्हटल्यावरच चढावे. उतरतानाही तसेच. चपला घालून अशी गाडी चालवू नका. घोट्याच्या वर येणारे, जाड तळाचे बूट घ्या. ते घोटा राखतात आणि वर एखादा सेंटिमीटर उंचीही देतात.

आणि सर्वांत महत्त्वाचे, गाडी पडायलाच लागली तर पडू द्या. हँडल सोडा आणि पाय बाजूला घेऊन दूर व्हा. वाकलेले लिव्हर बदलून मिळते, घोटा बदलून मिळत नाही. पडलेली गाडी कमरेतून वाकून उचलू नका, कण्यातली गादी सरकते. आधी इंजिन बंद करा आणि गाडी गिअरमध्ये ठेवा. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडा. मग सीटला पाठ लावून उकिडवे बसा, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची कडी धरा आणि मांड्यांच्या जोरावर मागे लहान पावले टाकत उठा. आणि कोणी जवळ असेल तर त्याला हाक मारायला लाजू नका.

लाज हाच खरा रोग आहे. "गाडी खाली करून घेतली म्हणजे बुटका" असे चार लोक म्हणतील, या धास्तीने कित्येक जण अंगठ्यांवर तोलत रोज घाट चढतात. मीही त्यातलाच होतो. परवा एक परिचारिका ताई पायाचे माप लिहिलेला कागद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, गाडी घ्यायच्या आधी दाखवायला आले." मला फार बरे वाटले. माझ्या सहा आठवड्यांच्या प्लास्टरचे निदान एवढे तरी चीज झाले.