शिटी हातात घ्यायचीये? फुटबॉलचा रेफ्री नेमकं होतात कसं आणि यात पैसा आहे का?

3 मार्च 2023. बेंगळुरूचं कांतीरवा स्टेडियम. आयएसएलच्या प्लेऑफमध्ये बेंगळुरू एफसी आणि केरला ब्लास्टर्सची मॅच 0-0 वरून एक्स्ट्रा टाइममध्ये गेली होती. बेंगळुरूला फ्री किक मिळाली. केरळचे खेळाडू अजून भिंत लावत होते, तेवढ्यात सुनील छेत्रीनं बॉल जाळ्यात टाकला.

रेफ्रीनं गोल दिला. केरळचा संघ भडकला आणि मॅच अर्धवट सोडून निघून गेला. त्यांची तक्रार अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीनं फेटाळली, वर क्लबला 4 कोटींचा दंड ठोठावला. कारण फ्री किक पटकन घ्यायला नियमांत परवानगी आहे. रेफ्रीनं थांबायला सांगितलं नसेल, तर शिटीची वाट बघावी लागत नाही.

काही सेकंदांत हा निर्णय घेणारा माणूस तयार कसा होतो?

सुरुवात जिल्ह्यातून

थेट आयएसएलमध्ये कोणी शिटी वाजवत नाही. पहिली पायरी म्हणजे तुमची जिल्हा फुटबॉल संघटना. महाराष्ट्रात या संघटनांच्या वर राज्याची संघटना आहे, तिचं नाव वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन. नव्या रेफ्रींसाठी कोर्स होतात. त्यात नियम शिकवतात, लेखी परीक्षा घेतात आणि मैदानावर पळवतातही.

पास झालात की शाळांच्या आणि वयोगटांच्या मॅच मिळायला लागतात. कधी मुख्य रेफ्री, कधी हातात झेंडा घेऊन सहाय्यक रेफ्री. तिथली कामगिरी बघून राज्य, मग राष्ट्रीय पातळी. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांची मॅच असेल, तर दोन्ही बाजूंच्या पेठा आरडाओरडा करत असतात. अशा गर्दीत डोकं शांत ठेवायला कोणतंही पुस्तक शिकवत नाही.

पळता येतं का?

वरच्या पातळीवरचा रेफ्री एका मॅचमध्ये साधारण 10 ते 12 किलोमीटर पळतो. म्हणून फिटनेस टेस्ट कडक असते. पुरुष आंतरराष्ट्रीय रेफ्रींसाठी फिफाची टेस्ट अशी:

- 40 मीटरचे 6 स्प्रिंट, प्रत्येक 6 सेकंदांत. मध्ये एका मिनिटाची विश्रांती.
- मग 75 मीटर 15 सेकंदांत पळायचं आणि 25 मीटर 18 सेकंदांत चालायचं. असं 40 वेळा, म्हणजे एकूण 4 किलोमीटर.

खालच्या पातळीवर वेळेत थोडी सूट असते, पण टेस्ट चुकत नाही.

दुसरी बाजू अभ्यासाची. फुटबॉलचे नियम फक्त 17 आहेत, पण ते जवळपास दरवर्षी थोडे बदलतात. मॅचनंतर कार्ड कोणाला आणि कशासाठी दाखवलं, याचा लेखी रिपोर्टही द्यावा लागतो. पुढची शिक्षा ठरवताना तो रिपोर्ट समोर असतो, त्यामुळे नीट लिहिता येणं हा कामाचाच भाग आहे.

पैशांचं काय?

इथेच बहुतेकांचा गैरसमज असतो. सुरुवातीला पगार नसतो, मॅचमागे मानधन मिळतं. जिल्हा पातळीवर ते इतकं कमी असतं की त्यावर घर चालत नाही. पावसाळ्यात किंवा स्पर्धा नसताना तेही थांबतं. म्हणून बरेच जण नोकरी, शिक्षकी किंवा कोचिंग सांभाळून हे करतात.

यात कमीपणा काहीच नाही. 2002 च्या वर्ल्ड कप फायनलचे रेफ्री पिअरलुइजी कोलिना आर्थिक सल्लागार होते. 2010 ची फायनल सांभाळणारे हॉवर्ड वेब इंग्लंडमध्ये पोलीस सार्जंट होते.

वर जाता येतं का?

येतं. 2002 च्याच वर्ल्ड कपमध्ये तमिळनाडूचे के. शंकर सहाय्यक रेफ्री होते. गोव्याच्या उवेना फर्नांडिस 2016 मध्ये जॉर्डनला झालेल्या मुलींच्या 17 वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये सहाय्यक रेफ्री होत्या. भारताचा संघ ज्या वर्ल्ड कपपर्यंत पोचला नाही, तिथे भारताचा रेफ्री पोचला.

फिफाच्या यादीत येण्यासाठी रेफ्रीचं वय किमान 25 आणि सहाय्यक रेफ्रीचं 23 लागतं. महासंघ नावं पाठवतो आणि यादी दरवर्षी नव्यानं ठरते. म्हणजे एकदा बॅज मिळाला म्हणून तो कायमचा नसतो.

आता गणित मांडा. जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशा पायऱ्या चढायला बरीच वर्षं जातात. तिशीनंतर ‘बघू जमतंय का’ म्हणून आलात, तर वरच्या पायऱ्यांसाठी वेळ कमी उरतो. कॉलेजात असतानाच कोर्स केला, तर शिक्षण आणि शिटी दोन्ही सोबत चालतं. खेळाडू म्हणून निवड झाली नाही, पण फुटबॉल सोडवत नाही, अशा पोरापोरींनी आपल्या जिल्हा संघटनेला एकच प्रश्न विचारायचा: पुढचा रेफ्री कोर्स कधी आहे?