टॅनिंग बेड, स्कार्फ आणि माझ्या तळपायावरचा डाग

(या भागाचं हे लेखी रूप. बोलतानाचे 'अं', 'म्हणजे काय ना' काढून टाकलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

मागच्या भागानंतर एका मैत्रिणीचा व्हॉइस मेसेज आला. 'लेस्बियन आणि बायसेक्शुअल बायकांना त्वचेच्या कॅन्सरचा धोका जास्त असतो, असं वाचलं. खरंय का गं?' मी स्वतः पुण्याची, सध्या नोकरीमुळे कॅलिफोर्नियात, आणि माझी पार्टनर बाई आहे हे जुन्या श्रोत्यांना माहीतच आहे. त्यामुळे प्रश्न माझ्याही घरचाच होता. मी डॉक्टर नाही, पण जे सापडलं ते सांगते.

आधी आकडे

अमेरिकेत सरकार दरवर्षी लोकांना फोन करून तब्येतीचं मोठं सर्वेक्षण करतं. २०१४ ते २०१८ या वर्षांतल्या ८ लाखांहून जास्त लोकांची उत्तरं संशोधकांनी तपासली. 'कधी त्वचेचा कॅन्सर झाला होता का?' याला स्ट्रेट बायकांपैकी ६.६ टक्के 'हो' म्हणाल्या. लेस्बियन बायकांमध्ये हे प्रमाण ५.९, तर बायसेक्शुअल बायकांमध्ये ४.७ टक्के होतं. वय वगैरेचा हिशेब धरल्यावर लेस्बियन आणि स्ट्रेट बायकांत म्हणावा असा फरक उरला नाही. बायसेक्शुअल बायकांमध्ये मात्र प्रमाण तरीही कमीच राहिलं.

म्हणजे धोका जास्त नाही. पुरुषांचं चित्र मात्र उलटं आहे. स्ट्रेट पुरुषांत ६.७ टक्के, गे पुरुषांत ८.१ आणि बायसेक्शुअल पुरुषांत ८.४.

असं का? कुणावर प्रेम करता हे त्वचेला कळत नाही, तिला फक्त ऊन कळतं. इथे गोऱ्या लोकांत त्वचा तांबूस करून घ्यायची हौस असते. त्यासाठी 'टॅनिंग बेड' नावाची पलंगासारखी यंत्रं असतात, आत अल्ट्राव्हायोलेट दिवे. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने ही यंत्रं तंबाखूच्याच गटात टाकली. तंबाखूइतकीच घातक असा त्याचा अर्थ नाही. कॅन्सर होतो याचा पुरावा तितकाच पक्का, एवढाच अर्थ. कॅलिफोर्नियातल्या सर्वेक्षणांत दिसलं, की गे आणि बायसेक्शुअल पुरुष ही यंत्रं स्ट्रेट पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त वापरतात, आणि लेस्बियन-बायसेक्शुअल बायका स्ट्रेट बायकांपेक्षा कमी. 'बाईने असं दिसावं' या नियमातून थोडं बाहेर पडल्याचा हा फायदा असावा, असं मला वाटतं.

माझी गोष्ट उलटी

आपल्याकडे नियम बरोबर उलटा ना! 'उन्हात जाऊ नको, काळी होशील.' पुण्यात स्कूटीवरच्या मुली डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फमध्ये गुंडाळतात. मला त्या सगळ्याचा राग यायचा. गोरं व्हायचं नव्हतं, 'मुलीसारखं' वागायचं नव्हतं. म्हणून स्कार्फ नाही, टोपी नाही, आणि सनस्क्रीन म्हणजे तर फेअरनेस क्रीमची बहीण! (हसते.) भर मे महिन्यात दुपारी क्रिकेट खेळायचे मी.

राग बरोबर होता, पण तो काढला चुकीच्या वस्तूवर. सनस्क्रीन गोरं करत नाही, अल्ट्राव्हायोलेट किरण अडवतं. एसपीएफ ३० वालं साधारण ९७ टक्के बी किरण अडवतं, ५० वालं ९८. म्हणजे महागड्या आकड्यामागे पळू नका, नीट लावा. चेहरा आणि मानेला दोन बोटांवर लांब रेघ ओढाल इतकं. दर दोन तासांनी पुन्हा, घाम आला किंवा पोहलात तर लगेच. आणि फोनमधल्या हवामानाच्या ॲपमध्ये 'यूव्ही इंडेक्स' बघा. ३ किंवा वर असेल तर सावली, टोपी, पूर्ण बाह्या. गरज असेल तर स्कार्फसुद्धा, तुमच्या कारणासाठी.

पण खरी गोष्ट तळपायाची

सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त, त्यामुळे मेलानोमा हा गंभीर कॅन्सर आपल्यात बराच कमी होतो. पण होतो तेव्हा बरेचदा तळपायावर, तळहातावर, नखाखाली होतो. तिथे उन्हाचा फारसा संबंध नसतो, आणि तिथे कुणी बघत नाही, म्हणून उशिरा कळतो. गायक बॉब मार्लेला तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला. १९८१ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी तो गेला.

माझ्या डाव्या तळपायावर एक काळा डाग होता. पार्टनरने दाखवला, आणि मी तब्बल दीड वर्ष 'बघू' म्हणत राहिले. कारण विचित्र आहे. विशीत पाळीच्या त्रासासाठी एका डॉक्टरांकडे गेले होते. पहिला प्रश्न, 'लग्न झालंय का?' नाही म्हटल्यावर, 'मग करून टाका, सगळं नीट होईल.' त्या दिवसापासून डॉक्टर म्हटलं की पोटात गोळा. पाय दाखवायला लग्नाचा काय संबंध? काहीच नाही. पण अंगावर बसलेली भीती डॉक्टर कशाचा आहे ते विचारत नाही.

मी एकटी नाही. लेस्बियन आणि बायसेक्शुअल बायका दवाखान्यात जायचं जास्त टाळतात, हे अमेरिकेत वारंवार दिसलंय. त्या ६.६ आणि ५.९ मध्ये हे कुठेच दिसत नाही. कॅन्सर किती जणींना झाला हे आकडा सांगतो, तो कळायला किती उशीर झाला हे नाही.

शेवटी पार्टनरने अपॉइंटमेंट घेतली आणि सोबत आली. डॉक्टरबाईंनी तिला विचारलं, 'तुम्ही कोण?' ती म्हणाली, 'पार्टनर.' 'बरं, मग हा दिवा जरा धरता का?' बस, एवढंच. डाग साधा तीळ निघाला. मी मात्र गाडीत बसून रडले.

आज रात्री एवढं करा

आंघोळीनंतर तळपाय, बोटांच्या बेचक्या, नखं बघा. पाठ दुसऱ्या कुणाला बघायला सांगा. तिळाचे दोन अर्धे सारखे नसतील, कडा वेड्यावाकड्या असतील, एकाच तिळात दोन-तीन रंग असतील, आकार ६ मिलिमीटरहून मोठा असेल किंवा तो बदलत असेल, तर फोटो काढून ठेवा आणि स्किनच्या डॉक्टरांकडे जा. नखात नवी काळी रेघ आली किंवा जखम भरतच नसेल, तरी जा. एकटीला जड वाटत असेल तर मैत्रिणीला घेऊन जा. एक डॉक्टर नाही पटला तर दुसरा, पण जा.

आणि मेसेज करणाऱ्या मैत्रिणी, तुझा धोका तू कोण आहेस यात नाहीये गं. तू काय लावतेस, आणि कुणाला दाखवतेस, यात आहे.

भेटू पुढच्या भागात. टोपी घ्या!