विश्लेषण : एकच व्हर्च्युअल मशीन एका प्रोसेसरवर झटपट, दुसऱ्यावर संथ का?

तीच व्हर्च्युअल मशीन, तेच सॉफ्टवेअर, मेमरीही तेवढीच. एका प्रोसेसरवर ती काही सेकंदांत सुरू होते, तर दुसऱ्यावर पडदा बराच वेळ काळाच राहतो. मग ‘प्रोसेसरच कमकुवत’ असे मानून नवे यंत्र घेण्याची चर्चा सुरू होते. मात्र दोष अनेकदा प्रोसेसरच्या ताकदीत नसतो. तो शोधायचा कसा?

फर्मवेअर नेमके काय करते?

संगणकाचे बटण दाबल्यावर विंडोज किंवा लिनक्सच्याही आधी जो प्रोग्राम चालतो, तो फर्मवेअर. पूर्वी त्याला ‘बायोस’ म्हणत, आता ‘यूईएफआय’ रूढ आहे. व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या आत चालणारा संगणक, त्यामुळे तिलाही फर्मवेअर लागते. लिनक्सवर ‘केव्हीएम’ आणि ‘क्यूईएमयू’ वापरणारे त्यासाठी ‘ओव्हीएमएफ’ घेतात. त्याचा मोठा भाग कॉम्प्रेस केलेला असतो आणि सुरुवातीलाच तो मेमरीत उलगडावा लागतो.

प्रोसेसर बदलल्याने फरक का पडतो?

प्रोसेसरच्या आत ‘कॅशे’ ही छोटी, अतिवेगवान मेमरी असते. तिला ओट्यावरचा मसाल्याचा डबा समजा. डबा बंद झाला, तर चिमूटभर हळदीसाठीही दर वेळी वाण्याकडे धावावे लागेल. फर्मवेअर उलगडताना कॅशे बंद असेल, तर नेमके हेच होते.

मेमरीचा कोणता भाग कॅशेत ठेवायचा, याबाबत व्हर्च्युअल मशीनचे म्हणणे किती मानायचे, हे केव्हीएमला ठरवावे लागते. ते म्हणणे बाजूला सारण्यासाठी इंटेलच्या रचनेत एक स्वतंत्र बिट आहे. एएमडीच्या रचनेत तसा बिट नाही. म्हणून दोन्हींसाठी केव्हीएममधील कोड वेगळा आहे.

असे प्रत्यक्षात घडले आहे का?

हो. 2015 मध्ये एएमडी प्रोसेसरसाठी केव्हीएममध्ये मेमरीचे गुणधर्म ठरवण्याची पद्धत बदलण्यात आली. त्यानंतर ग्राफिक्स कार्डासारखे उपकरण थेट सोपवलेल्या व्हर्च्युअल मशीन अत्यंत संथपणे सुरू होऊ लागल्या, कारण कॅशे बंद पडत होता. अखेर तो बदल त्याच वर्षी मागे घेण्यात आला. प्रोसेसर तेच राहिले, चूक सॉफ्टवेअरची होती.

तपास कुठून सुरू करावा?

आधी यंत्राच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन सुरू आहे का, ते पाहावे. इंटेलवर त्याचे नाव ‘व्हीटी-एक्स’ असते, एएमडीवर अनेकदा ‘एसव्हीएम’. ते बंद असेल तर केव्हीएम चालत नाही आणि क्यूईएमयूला प्रत्येक सूचना सॉफ्टवेअरने भाषांतरित करावी लागते. मग वेगवान प्रोसेसरही रांगतो.

त्यानंतर थेट सोपवलेले उपकरण काढून मशीन सुरू करावी. वेग परत आला तर संशय दोन गोष्टींवर जातो. एक म्हणजे वर सांगितलेला कॅशे. दुसरी म्हणजे मेमरी : असे उपकरण असले की मशीनची सगळी मेमरी आधीच राखून ठेवावी लागते. मेमरी कमी करून पाहिल्यावर वेळही घटला, तर उशीर फर्मवेअर सुरू होण्याआधीचाच आहे.

फर्मवेअरची ‘डीबग’ आवृत्ती तर वापरात नाही ना, हेही तपासावे. ती नोंदींचे एकेक अक्षर बाहेर पाठवते आणि त्यासाठी मशीनला दर वेळी थांबावे लागते.

दोष कॅशेचा आहे, हे कसे ओळखावे?

लिनक्समधील ‘पर्फ’ हे साधन मशीन किती वेळा थांबून केव्हीएमकडे गेली, ते मोजते. आकडा प्रचंड असेल तर वेळ त्या ये-जा करण्यात जात आहे. आकडा लहान, प्रोसेसर मात्र पूर्ण व्यग्र आणि काम पुढे सरकत नाही, अशी स्थिती असेल तर संशय कॅशेवर घ्यावा.

मग उपाय काय?

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आधी लिनक्स कर्नलची दुसरी आवृत्ती, मग फर्मवेअरची, आणि दर वेळी लागलेले सेकंद लिहून ठेवावेत. ‘जुन्या कर्नलवर 5 सेकंद, नव्यावर 90’ अशी नोंद हाती असली, तर विकासकांना चूक शोधणे सोपे जाते. नव्या यंत्राचे पैसेही वाचू शकतात.