दहावीनंतर फुटबॉल?

वसईत फुटबॉल नवा नाही. चर्चलगतच्या मैदानांवर, शाळांच्या पटांगणांत संध्याकाळी चेंडूमागे धावणारी मुलं आपण सगळेच पाहतो. आता त्यांत मुलीही दिसतात. त्यांच्या आईवडिलांचा मला एक प्रश्न हमखास असतो, 'खेळते छान हो, पण दहावीनंतर काय?' प्रश्न रास्त आहे. तो ऐकला की मला मेक्सिकोची मारिबेल दोमिंगेस आठवते.

मारिबेलचा जन्म १९७८ सालचा. मेक्सिको सिटीजवळच्या चाल्को भागात, गरिबीत ती वाढली. मुलांबरोबर खेळायला मिळावं म्हणून तिने केस बारीक कापले आणि 'मारिओ' म्हणून ती त्यांच्यात मिसळली. पुढे राष्ट्रीय निवडीनंतर तिचा फोटो वर्तमानपत्रात छापून आला, तेव्हा कुठे सवंगड्यांना कळलं, की आपला मारिओ ही मुलगी आहे!

१९९९ मध्ये मेक्सिकोचा महिला संघ पहिल्यांदा विश्वचषकात उतरला. पहिल्याच सामन्यात ब्राझीलने त्यांचा ७-१ असा धुव्वा उडवला. तो एकुलता एक गोल मारिबेलचा होता. २००४ मध्ये कॅनडाविरुद्ध दोन गोल करून तिने देशाला अथेन्स ऑलिम्पिकचं दार उघडून दिलं. देशासाठी तिने ८० हून अधिक गोल केले.

एवढी गुणी खेळाडू, पण पोटापाण्यासाठी खेळायचं कुठे? मेक्सिकोत महिलांची व्यावसायिक लीगच नव्हती. ती अमेरिकेत अटलांटा संघाकडून खेळली. तिथली लीग २००३ मध्ये बंद पडली. मग २००४ च्या अखेरीस मेक्सिकोतल्या सेलाया या दुसऱ्या श्रेणीतल्या पुरुषांच्या क्लबने तिला करार देऊ केला. जगभर बातमी झाली. परंतु पुरुष आणि महिला फुटबॉल वेगळेच राहिले पाहिजेत, असं सांगून फिफाने परवानगी नाकारली. मारिबेल स्पेनला, बार्सिलोनाच्या महिला संघात गेली.

मेक्सिकोत महिलांची लीग उभी राहिली ती २०१७ च्या जुलैत. पुरुषांच्या मोठ्या क्लबांनीच आपापले महिला संघ उतरवले. सुरुवात १६ संघांनी झाली. खेळाडू प्रामुख्याने २३ वर्षांखालच्या होत्या आणि मारिबेल तेव्हा ३८ वर्षांची होती. जिने वाट पाडली, तिला त्या वाटेवरून चालता आलं नाही. मात्र पुढच्याच वर्षी माँतेरे शहरातल्या अंतिम सामन्याला ५१,२११ प्रेक्षक आले. महिलांचं फुटबॉल पाहायला येतंय कोण, या प्रश्नाचं उत्तर असं मिळालं.

गंमत अशी, की आपली इंडियन विमेन्स लीगही २०१७ मध्येच, जानेवारीत सुरू झाली. त्या सहा संघांत महाराष्ट्राचा एफसी पुणे सिटी होता. पण मुख्य फेरी दिल्लीत, अवघ्या अडीच-तीन आठवड्यांत आटोपली. स्वतःच्या गावी आणि प्रतिस्पर्ध्याच्या गावी असे आलटून पालटून सामने २०२३ च्या डिसेंबरपासून होऊ लागले. हा फरक लहान वाटतो, पण सारी मेख तिथेच आहे. तीन आठवड्यांच्या स्पर्धेसाठी कोणता क्लब मुलीला वर्षभर पगार देईल? मार्गदर्शक, व्यायाम, दुखापतीवर उपचार, हे सगळं हंगाम लांबला तरच परवडतं. घरच्या मैदानावर सामने झाले, तरच गावातली माणसं संघाला आपला म्हणतात.

तेव्हा दहावीनंतर काय, याचं माझं उत्तर असं. शाळेनंतर जिल्हा, मग राज्याचा संघ, मग राष्ट्रीय स्पर्धा. वरिष्ठ महिलांच्या या राष्ट्रीय स्पर्धेच्या करंडकाला राजमाता जिजाबाईंचं नाव आहे. त्यापुढे क्लब आणि लीग. शिक्षण सोडू नये, कारण गुडघ्याची एक दुखापत सारा हिशेब बदलते. आणि क्लब निवडताना फोटोतले करंडक पाहून भुलू नका. एकच विचारा, 'माझी मुलगी वर्षाला किती सामने खेळेल?' आकडा दोन-चारच निघाला, तर तिथल्या क्लबकडे, जिल्हा संघटनेकडे मुलींच्या साखळी स्पर्धेची मागणी करा. चार पालक एकत्र आले, तर चार संघ उभे राहतात. लीगची सुरुवात तेवढ्यावरही होते.