कुंभारकावळ्याचे पाय

बंगळूरच्या लालबागेत दाट झुडपांच्या कडेने एक काळा पक्षी संथ चालत किडे, गोगलगायी, सरडे टिपतो. पंख विटकरी, डोळे लालभडक, शेपूट लांब. मराठी माणूस त्याला भारद्वाज म्हणतो आणि त्याचं दर्शन शुभ मानतो. कोकणात तो कुक्कुडकुंभा, आणखी कुठे कुंभारकावळा. कानडीत तो केंबूत. मोर नाचला म्हणून पिसं फुलवणारा, असा त्याचा म्हणीत उद्धार झालेला आहे. इंग्रजांनी तर त्याला कावळा आणि फेझंट यांची सरमिसळ करून नाव दिलं. रंग आणि चाल पाहून कावळ्याशी नातं जोडणाऱ्यांचा अंदाज मात्र चुकला, कारण हा कोकिळेच्या कुळातला पक्षी आहे.

पुरावा पायांत आहे. कावळ्याची तीन बोटं पुढे आणि एक मागे असतं. कोकिळेची आणि भारद्वाजाची दोन पुढे, दोन मागे. पोपट आणि सुतारपक्ष्यांचीही बोटं अशीच असतात, हा आक्षेप रास्त आहे. एवढ्यावरून कोकिळेशी नातं सिद्ध होत नाही, फक्त कावळा आणि फेझंट बाद होतात. नातं पक्कं केलं ते शरीररचनेच्या अभ्यासाने आणि अलीकडे डीएनएने. मागच्या एका बोटाला लांब, सरळ नखी असते, म्हणून याच्या प्रजातीचं नाव सेंट्रोपस, म्हणजे ग्रीकमध्ये पायाला काटा असलेला.

खरी अडचण घरट्याची. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालून मोकळी होते. भारद्वाज मात्र गचपणात स्वतःचं घरटं बांधतो, नर-मादी मिळून पिल्लं वाढवतात. मग हा कोकिळेचा भाऊबंद कसा? गंमत अशी की परक्याच्या घरात अंडी घालणं ही या कुळाची व्याख्याच नाही. कुळातल्या निम्म्याहून अधिक जाती आपली पिल्लं आपणच वाढवतात. आफ्रिकेतल्या गवताळ पाणथळीतला काळा भारद्वाज तर आणखी पुढे गेला आहे. तिथे मादी आकाराने मोठी, हद्द तीच राखते, अनेक नरांशी जोडी जमवते, आणि अंडी उबवणं, पिल्लांना भरवणं हे सगळं नराच्या गळ्यात. प्रजाती तीच, संसार निराळा. तेव्हा सवयीवरून कूळ ठरवू नये.

बागेत ओळखताना लाल डोळ्यांवरही विसंबू नका, नर कोकीळही काळा आणि लाल डोळ्यांचा असतो. त्याची चोच फिकट हिरवट, भारद्वाजाची काळी. आवाज ऐकला तर प्रश्नच उरत नाही: पहाटे झाडीतून येणारा खोल, घुमणारा ‘कूप-कूप-कूप’.